नाही म्हटल्यावर पुढे काय? मावशीला पत्र

लीड्स,
६ जुलै २०२५

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम. काकांनाही सांग.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरचा तो मेसेज पप्पांनी तुलाही पाठवला म्हणे. ‘इंग्लंडात आता नर्सांना पेशंटला विषाचं इंजेक्शन द्यावं लागणार, नकार दिला तर नोकरी जाणार.’ तेव्हापासून आईचे उठसूट फोन चालू आहेत, आणि पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझं नाव घेऊन प्रार्थना केली. मी इथे हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या पेशंटना सांभाळायच्या ठिकाणी, नर्स; प्रार्थना मला हवीच आहे गं, पण कारण तरी खरं असावं. फोनवर सांगायला जावं तर पप्पा मधेच बोलतात. तू मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात सगळी नोकरी काढलीस, म्हणून हे तुला लिहितेय. घरी तूच समजावून सांग.

आधी खरं काय ते. २० जूनला इथल्या हाउस ऑफ कॉमन्सने एक विधेयक मंजूर केलं, ३१४ विरुद्ध २९१ मतांनी. ते मांडणाऱ्या किम लेडबीटर आमच्या शेजारच्याच स्पेन व्हॅलीच्या खासदार आहेत. आजार बरा होणारा नाही, सहा महिन्यांच्या आत मरण येईल असा अंदाज आहे, आणि स्वतःचा निर्णय घेण्याइतकी बुद्धी शाबूत आहे, अशा प्रौढ माणसाला आयुष्य संपवायला मदत मागता येईल. दोन डॉक्टर तपासणार, मग वकील, मानसोपचारतज्ज्ञ आणि सोशल वर्कर यांची समिती बघणार. औषध त्या माणसाने स्वतःच्या हाताने घ्यायचं, नर्सने टोचायचं नाही. आणि यात भाग घ्यायची कुणावरही सक्ती नाही, हे विधेयकातच लिहिलेलं आहे. शिवाय हा अजून कायदा झालेला नाही, पुढे हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे वरचं सभागृह, आहे. तिथे चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप हक्काने बसतात (हे काकांना सांग, त्यांना गंमत वाटेल) आणि त्यांचा एकूण सूर विरोधाचाच आहे.

तेव्हा नोकरी जात नाही. आणि उद्या कायदा झालाच तरी मी त्यात हात घालणार नाही, हे माझं ठरलेलं आहे. जीव देणारा तो, नेणारा तो, हे मला कुणी नव्याने शिकवायला नको. माझी झोप उडते ती त्याच्या पुढच्या प्रश्नांनी. नाही म्हटल्यावर मी त्या खोलीत थांबायचं की बाहेर जायचं? पेशंटने विचारलं, ‘मग कुणाला विचारू?’ तर नाव सांगायचं का? नाव सांगणं म्हणजे भाग घेणं झालं का?

हे प्रश्न इथे कोर्टापर्यंत जाऊन आलेत. १९६७ च्या गर्भपाताच्या कायद्यात चौथं कलम आहे: ज्याची सद्सद्विवेकबुद्धी परवानगी देत नाही त्याने त्या उपचारात भाग घेतला नाही तरी चालेल, फक्त बाईचा जीव वाचवायला किंवा तिला होणारी कायमची गंभीर इजा टाळायला तो उपचार लागत असेल तर माघार घेता येत नाही. ग्लासगोच्या दोन कॅथलिक मिडवाइफ म्हणाल्या, आम्ही स्वतः तर करत नाहीच, पण ते करणाऱ्यांची ड्यूटी लावणं, त्यांच्यावर देखरेख करणं, हेही आमच्याकडून नको. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सूट आहे ती प्रत्यक्ष हात लावण्यापुरती, कारभारापुरती नाही. आमच्या नर्सिंग कौन्सिलची आचारसंहिताही तेच म्हणते: तुमचा आक्षेप आधी सांगा, आणि पेशंटला दुसऱ्या योग्य माणसाच्या हाती सोपवा. मला त्या मिडवाइफांचं दुःख कळतं. पण खरं सांगू? पेशंटला अधांतरी सोडून माझे हात स्वच्छ राहिले, असं मला म्हणवत नाही.

एका पेशंटचं सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. गालाचा कॅन्सर कातडी फोडून बाहेर आलेला. मी खोलीत गेले की म्हणायचे, ‘लव्ह, मला सोडव आता यातून.’ (इथली माणसं पोस्टमनपासून नर्सपर्यंत सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात, आईला सांगू नकोस, उगाच गैरसमज होईल.) पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी धीराचं बोलावं. पण अशा वेळी लगेच बोलणं म्हणजे समोरच्याचं तोंड बंद करणं, हे मी तुझ्याकडूनच शिकले. म्हणून विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? मला वाटलं वेदना म्हणतील. ते म्हणाले, वास. नातवंडं दारातूनच परत जातात.

मग आम्ही वासाच्या मागे लागलो. मेट्रोनिडाझोलची जेल, म्हणजे आपलीच मेट्रोजिल, ती जखमेवर. तिच्यावर कोळशाचं ड्रेसिंग, आणि बदलायची वेळ नातेवाईक येण्याच्या बऱ्याच आधीची. आठवड्याभरात वास पुष्कळ कमी झाला. धाकटी नात पलंगावर चढून बसायला लागली. तोंड कोरडं पडायचं तेव्हा मऊ ब्रश त्यांच्या आवडत्या बिटर बिअरमध्ये बुडवून मी तोंड साफ करायचे. आपल्या मंडळीत दारूचा थेंब म्हणजे पाप, आणि मी ड्यूटीवर पेल्यात बिअर घेऊन उभी! पप्पांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

पाळकसाहेब ही गोष्ट उपदेशात वापरतील म्हणून शेवटही लिहिते. त्या पेशंटचं मत बदललं नाही. जायच्या आधी स्पष्ट म्हणाले, तू चांगली पोरगी आहेस, पण तो कायदा मला वेळेवर मिळाला असता तर मी वापरला असता. मी काहीच बोलले नाही. कधी कधी रात्री दोघीच ड्यूटीवर असताना बेल वाजून पाच-पाच मिनिटं होतात आणि आमच्यापैकी एकीलाही जाता येत नाही. त्या वेळात आत कुणी काय ठरवत असेल, हे माझ्या श्रद्धेला काय माहीत?

मॉर्फिनबद्दल आईने विचारलं होतं, ‘तुम्ही देता ते तरी वेगळं काय?’ प्रश्न रास्त आहे. ब्रॅडफर्डच्या एका पाकिस्तानी मुलीनेही मला हेच विचारलं, तिच्या अब्बांचा पंप चालू करताना. तिला गुनाहची भीती, आईला पापाची. दोघींना एकच सांगितलं. मोजून दिलेलं मॉर्फिन दुखणं मारतं, माणसाला नाही. दुखेल तेवढंच द्यायचं, हळूहळू वाढवायचं. हेतू आराम देण्याचा, आणि मात्राही आरामापुरतीच. हेतू चांगला म्हणून कितीही द्या, असं चालत नाही. तिला सलाईनही हवं होतं, आपल्याकडे हवं असतं तसंच. शेवटच्या दिवसांत शरीराला ते पाणी पेलत नाही, छातीत घरघर वाढते, हे समजवायला मला मॉर्फिनपेक्षा जास्त वेळ लागला.

पंप म्हणजे हाताएवढं यंत्र, पारदर्शक डब्यात कुलूपबंद. चोवीस तासांचं औषध त्यातून कातडीखाली जातं, आणि दर चार तासांनी आकडे बघून लिहायचे. कपाट उघडायला दोघी लागतात, मोजायला दोघी, सही दोघींची. ही कडक शिस्त का, ते इथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. हॅरॉल्ड शिपमन नावाचा फॅमिली डॉक्टर हेरॉइनच्या जातीचं औषध टोचून आपल्याच पेशंटना मारत होता. २००० साली १५ खुनांसाठी जन्मठेप झाली, आणि पुढच्या चौकशीत बळींचा आकडा २१५ वर गेला. आमच्या भागातल्या टॉडमॉर्डनमध्येही तो काही काळ प्रॅक्टिस करत होता. त्यामुळे सुई बघून कुणी म्हातारी दचकली तर मी रागावत नाही.

प्रार्थनेचं विचारलं होतंस. आपल्यासारखं सकाळी वॉर्डात उभं राहून गीत म्हणायचं, हे इथे नाही. २००८ मध्ये सॉमरसेटच्या एका नर्सने एका आजीबाईंना विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना करू का? तेवढ्यावरून तिला निलंबित केलं होतं, पुढे गदारोळ झाल्यावर परत घेतलं. म्हणून मी स्वतःहून विचारत नाही. पेशंटने विचारलं तर थांबते. पहिल्यांदा मलाही हे टोचलं होतं, आता तेवढं नाही. पलंगाला खिळलेला माणूस नर्सला ‘नको’ म्हणू शकतो का, सांग? पाणी, गोळी, बेडपॅन सगळं तिच्याच हातात. अशाच्या तोंडून निघालेल्या ‘हो’ला किती अर्थ?

सिसिली सॉन्डर्स यांच्याबद्दल काका वाचत होते ना? आधी नर्स, पाठीच्या दुखण्याने ते सुटलं, मग हॉस्पिटलात सोशल वर्कर, आणि १९५७ मध्ये डॉक्टर. पक्क्या ख्रिस्ती. लंडनमधलं त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ चं, त्या गर्भपाताच्या कायद्याच्याच वर्षीचं. दुखायला लागेपर्यंत वाट न बघता घड्याळाप्रमाणे मॉर्फिन द्या, हे त्यांनी लावून धरलं. मरण मागायच्या कायद्याला त्यांचा शेवटपर्यंत विरोध होता. पण दार सगळ्यांना उघडं, श्रद्धा असो नसो. नुसतं नाही म्हणून त्या बसल्या नाहीत, पर्याय उभा केला. इथले जे ख्रिस्ती लोक पार्लमेंटबाहेर फलक घेऊन उभे राहतात, त्यांच्यापैकी किती जण आमच्या हॉस्पिसच्या दुकानात शनिवारी जुने कपडे लावायला येतात, असा वाईट विचार माझ्या मनात येतो. प्रौढांच्या हॉस्पिसचा जेमतेम एक तृतीयांश खर्च सरकार देतं. बाकी सगळं देणग्यांवर आणि त्या दुकानांवर.

माझी ड्यूटीवरची जोडीदारीण देव मानत नाही आणि विधेयकाच्या बाजूची आहे. नाइटला तिच्याशी भांडून चहा गार होतो. मी तिला अरुणा शानबाग सांगितली, हल्ल्यानंतर कधीच सावरू न शकलेली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची नर्स. १९७३ पासून २०१५ पर्यंत केईएमच्या नर्सांनी तिला कसं सांभाळलं, आणि तिचं अन्न थांबवावं असा अर्ज २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा ‘ती आमची आहे, आम्ही बघू’ म्हणून त्या कशा उभ्या राहिल्या. ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने विचारलं, ‘पण तिला कुणी विचारलं होतं का?’ मला उत्तर देता आलं नाही.

आणि मी तिला हेही सांगितलं की आपल्याकडे हा वाद करायची ऐपत फार थोड्यांची. तू सांगायचीस ना, शेत गहाण टाकून आणलेले पैसे संपले की मुलगा ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून बापाला घरी न्यायचा. त्या जीपमध्ये मॉर्फिनची एक गोळीही नसायची. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ती मिळणंच दुरापास्त करून ठेवलं होतं, २०१४ मध्ये सुधारणा झाली तेव्हा तू रिटायर झाली होतीस. तेव्हा ‘हे पाप की पुण्य’ असं तुला कुणी विचारलं होतं का गं? मंडळीत त्यावर कधी उपदेश झाल्याचं मला आठवत नाही.

आता तुझं मत हवंय, आणि पप्पांच्या समोर नको, वेगळं लिही. समज कायदा झाला, आणि माझ्याच एखाद्या पेशंटने ते औषध घ्यायचं ठरवलं. आणून देणारे दुसरे. तो मला म्हणाला, तू नुसती शेजारी बस. मला वाटतं मी बसेन. इथल्या चर्चमधल्या एका बाईंना हे बोलले तर त्या म्हणाल्या, मग तू सामील झालीस. असेलही. तू असतीस तर काय केलं असतंस, ते लिही. लवकर लिही, कारण युनिटमध्ये यावर चर्चा ठेवलीय आणि मॅनेजरने मलाही बोलायला सांगितलंय.

गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरच कर. तोवर मला सुट्टी मिळेल.

तुझीच,
सोनू