नववं प्रकरण काढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हस्तलिखित वाचून झालं. मागच्या कादंबरीवर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंनी चिडले, तेव्हा आता जरा दमानं घे, असं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. मी त्यातला नाही. माझं म्हणणं एवढंच की धोका पेंटरच्या पायी पत्कर, नवव्या प्रकरणातल्या पुढाऱ्याच्या पायी नको.

तो बेळगावच्या खडेबाजारातला पेंटर म्हणजे सगळा ऐवज. मोर्चात मराठीच्या घोषणा, पोटासाठी कन्नड पाट्या. तीन फूट उंचीच्या पाटीवर तो चॉकची दोरी मारतो. कायद्यानं वर ६० टक्के कन्नड, म्हणजे साधारण एक फूट साडेनऊ इंच. उरलेल्या एक फूट अडीच इंचात मराठी आणि इंग्रजी दोघांना बसवायचं. वरून मराठीला शिरोरेषेच्या वर मात्रा, खाली उकार, त्यांनाही उंची हवी. तो उकार दाबून चपटा करतो आणि मालक म्हणतो, "चालतंय की!" तिथं तू लगेच अर्धं पान चिंतन घातलंयस. ते सगळं खोड.

पण मर्दा, हा प्रसंग १९८६ मध्ये कसा? तेव्हाचं आंदोलन कन्नडसक्तीविरुद्धचं. पाटीवर ६० टक्के कन्नडचा कर्नाटकचा कायदा २०२४ चा. प्रसंग पुढे नेलास तर पेंटर म्हातारा होतो, ते बरंच आहे. मात्र तोवर सगळीकडे फ्लेक्स. तो अजून ब्रश का धरतो याचं कारण द्यावं लागेल. जुनं गिऱ्हाईक, पत्र्याची पाटी, एवढं पुरे. आणि 'बेळगावी' हे सरकारी इंग्रजीत १ नोव्हेंबर २०१४ पासून आलं; कन्नडमध्ये ते आधीपासूनच होतं. टीकाकार आधी अशाच जागा धरतात.

कन्नड संवादांना तळटीपा दिल्या नाहीस, उत्तम. फक्त पुढच्या दोन ओळींत कुणाच्या तरी मराठी उत्तरातून किंवा कृतीतून अर्थ लागला पाहिजे. सलग तीन वाक्यांपुढे गेलास की पुण्याचा वाचक पान उलटतो. पोलीस ठाण्याच्या प्रसंगात सलग अकरा आहेत. कन्नडचे ऱ्हस्व ए-ओ देवनागरीत वेगळ्या खुणेनं लिहावे लागतात. फाँट बदलताना ती खूण हमखास उडते आणि 'कॊडु' म्हणजे दे, त्याचं 'कोडु' म्हणजे शिंग होऊन बसतं. शेवटचं प्रूफ कन्नड वाचणाऱ्याकडून वेगळं तपासून घे.

आता नववं प्रकरण. पुढाऱ्याचं नाव बदललंस, पण त्याची गल्ली, तालीम, महापौरपदाचं साल आणि लंगडणं तसंच ठेवलंस. तो कोण हे शहापुरातलं पोरही सांगेल. 'पात्रे काल्पनिक आहेत' या ओळीनं कोर्टात भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये वारलेल्या माणसाचीही अब्रू येते, घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू दिसला तर. बरं, एवढं करून मिळतं काय? तो पुढारी नुसता अर्कचित्र झालाय. पेंटरपुढे उभाच राहत नाही.

वाद पेटला तर प्रशासनाकडून 'शांतता बैठकी'चं बोलावणं येईल. वकिलाशिवाय जाऊ नकोस आणि तिथं कशावरही सही करू नकोस. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांना जानेवारी २०१५ मध्ये अशाच बैठकीत बिनशर्त माफी लिहून द्यावी लागली. तो समझोता बंधनकारक नाही असं मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं ते ५ जुलै २०१६ ला. दीड वर्ष गेलं ना मधे!

प्रकाशक पुण्याचा आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली एखाद्या राज्य सरकारनं पुस्तक जप्त जाहीर केलं की प्रती देशात कुठंही उचलता येतात. आदेशात कारणं द्यावी लागतात, आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. तीन न्यायमूर्ती ऐकतात. म्हणून करार करताना खटल्याचा खर्च कुणी करायचा हे कलम लिहून घे. बहुतेक छापील करारांत तो लेखकाच्याच माथी असतो, आणि आपण रॉयल्टीचा आकडा बघून सही ठोकतो.

पोलीस ठाण्याचा प्रसंग आणि पेंटरची नवी पानं तेवढी आधी पाठव, बाकीचं सावकाश. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच