ॲरिस्टॉटल फक्त चुकलाच का?

महोदय,

विज्ञान दिनाच्या भाषणांत ॲरिस्टॉटलचं नाव एकाच कामासाठी निघतं. जड वस्तू आधी खाली पडते असं तो म्हणाला आणि गॅलिलिओनं त्याला खोटं पाडलं. आमच्या भागातल्या शाळांत मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलो. हा त्या माणसावर अन्याय आहे.

इ.स.पू. ३८४ मध्ये जन्मलेल्या या माणसानं लेस्बॉस बेटावरच्या खाडीतले मासे निरखले, कोळ्यांना विचारून माहिती गोळा केली. कोंबडीखालची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून पिल्लू कसं घडतं ते नोंदवलं. तीन दिवसांनी रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय दिसतं आणि ते उडतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. हे मी मुलांना दाखवत असे. खुडूक, म्हणजे अंडी उबवत बसलेल्या, कोंबडीखालचं गावरान अंडं चौथ्या दिवशी काढायचं, मिठाच्या कोमट पाण्यात अलगद फोडायचं. बलकावर इवलासा लाल ठिपका लवलवत असतो. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं घुसतात.

रक्ताभिसरण उलगडून दाखवणाऱ्या विल्यम हार्वेनं १६५१ च्या ग्रंथात ॲरिस्टॉटलला पुढारी मानूनच हे अंडं पुन्हा तपासलं आणि पटलं नाही तिथं तसं सांगितलं. डार्विननं १८८२ मध्ये एका पत्रात लिहिलं, की लिनियस आणि क्युव्हिए हे निसर्गशास्त्रज्ञ म्हणजे माझी दैवतं, पण म्हाताऱ्या ॲरिस्टॉटलपुढं ती शाळकरी पोरं.

चुका होत्याच. विचार हृदयात होतो असं तो मानायचा. काही माणसं जन्मतःच गुलाम असतात हे त्याचं म्हणणं तर नामांतराचा लढा पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला कधीच पचणार नाही. पण मधमाश्यांविषयी लिहिताना त्यानंच बजावलंय, की पुरेशी माहिती अजून हाती नाही. ती मिळेल तेव्हा तर्कापेक्षा डोळ्यांना दिसेल त्यावर भरवसा ठेवा. युरोपातल्या कित्येक पंडितांनी पुढं शतकानुशतकं त्याचे ग्रंथ प्रमाण मानले आणि हे बजावणं तेवढं सोडून दिलं.

आपलं वेगळं काय चाललंय? प्रयोगशाळेला कुलूप आणि प्रयोगवह्या मात्र सह्यांनिशी पूर्ण, असं एका कनिष्ठ महाविद्यालयात मी स्वतः पाहिलं.

शिक्षण विभागानं अकरावीच्या मुलांकडून अंड्याचा हा एक प्रयोग तरी प्रत्यक्ष करून घ्यावा. एका वर्गाला दोन-तीन अंडी पुरतात. फलित अंडी हवीत म्हणून ज्या घरी कोंबडा आहे तिथलीच घ्यावीत, आणि उबवण यंत्र नसेल तर खुडूक कोंबडी कुठल्याही गावात मिळते.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सेलू (जि. परभणी)