वीरजवानांची नावं घरच्यांनी वाचावीत

महोदय,

येत्या २६ जुलैला कारगिल विजय दिनाचे कार्यक्रम गावोगावी होतील. माझे धाकटे दीर १९९९ साली कारगिलला धारातीर्थी पडले. त्या दिवशी आम्ही घरचे सगळे गावच्या स्मारकाजवळ जमतो; पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलंही रजा काढून येतात. म्हणून संयोजकांना एक विनंती करावीशी वाटते.

बहुतेक ठिकाणी कार्यक्रम ठरल्या साच्यातला असतो. पाहुणे उशिरा येतात, मग स्वागत, हारतुरे, भाषणं. वीरमाता-वीरपत्नींना शाल-श्रीफळ दिलं, फोटो निघाला, की त्या पुन्हा खुर्चीत. एका कार्यक्रमात व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव पदासकट घेतलं गेलं आणि जवानांची नावं मात्र वाचायची राहून गेली. घरी येईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

आमच्या गावच्या माजी सैनिकांनी ही पद्धत बदलली. पुष्पचक्र वाहून झालं की एकेका जवानाच्या घरचं माणूस पुढे येतं आणि त्याचं नाव, हुद्दा, पलटण वाचतं. अख्खं कुटुंब शेजारी उभं असतं, अगदी कडेवरच्या पोरासकट. गेल्या वर्षी आमच्याकडून माझ्या नातवाने वाचलं. तिसरीतलं पोर, ‘मराठा लाइट इन्फंट्री’ म्हणताना अडखळलं, तशी पणजीने मागून शब्द पुरवला. आदल्या रात्री तिने त्याच्यासाठी दिरांची काळी ट्रंक उघडली होती. झाकणावर पांढऱ्या रंगातलं नाव आणि नंबर अजून शाबूत आहे. आत त्यांची पत्रं आहेत, त्यातलं एक तिने त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. बैलाच्या खुराला काय झालंय, औषध लावलं का, अशी चौकशी त्यात आहे. भाषणातून मुलांना हा माणूस कधीच भेटला नसता.

भाषणं नंतर ठेवावीत आणि थोडक्यात आटोपावीत. भर पावसात म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवू नये.

आणखी एक. आपल्याकडे बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे. १९१४ ते १९१९ मध्ये गावातून किती जण लढाईवर गेले आणि किती कामी आले, एवढेच आकडे. नाव एकाचंही नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातली नावं किती जणांना ठाऊक आहेत? महायुद्धांत पडलेल्या जवानांच्या नोंदी ठेवणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था आहे; तिच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या मराठा जवानांपैकी अनेकांच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि गावही आहे. शाळेतल्या शिक्षकांनी आणि माजी सैनिक संघटनांनी आपापल्या गावची नावं त्यातून शोधून काढावीत. २६ जुलैला तीही वाचता येतील. वारस सापडला तर त्याच्या तोंडून, नाही तर शाळेतल्या एखाद्या मुलाने.

— एका वीरजवानाची वहिनी, ता. कोरेगाव, जि. सातारा