कासवं वाचली, पाइप फुटले

पोर्ट इसाबेल, टेक्सास
२८ फेब्रुवारी २०२१

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

इथल्या बातम्या बघून आई दोन घास जेवेना, असं वहिनी म्हणाली. म्हणून सविस्तर लिहितेय.

हे गाव मेक्सिकोच्या सीमेजवळचं, हवा कोकणासारखी दमट. घरं उकाड्याच्या हिशोबाने बांधलेली. पारा शून्याखाली गेला आणि पाइप तडकले. त्यात १५ तारखेला वीज गेली. टेक्सासची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, शेजारच्या राज्यांशी जवळपास जोडलेलीच नाही. गॅसच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रं बंद पडली, तर बाहेरून वीज आणणार कशी? आता सांगतायत, आणखी ४ मिनिटं ३७ सेकंदांत अख्खी ग्रिड बसली असती. वेगळं राहायची हौस, दुसरं काय!

बाबा, तुम्ही सांगितलीत तशी शेगडी मी मुद्दामच पेटवली नाही. ह्यूस्टनकडे बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून ऊब घेताना विषारी वायूने माणसं गेली. आम्ही सगळे एका खोलीत, दाराखाली टॉवेल कोंबून झोपायचो. शेजारच्या आजींचा गॅस चालू होता, त्यांनी गल्लीभर बीन्स शिजवून वाटले.

पण गंमत पुढेच आहे. पाणी १० अंशांखाली गेलं की समुद्री कासवं बधिर होऊन तरंगायला लागतात आणि बुडून मरतात. ज्यांच्या घरात दिवा नव्हता तेच लोक होड्या काढून खाडीत गेले. पिकअपमधून कासवं पुलापलीकडे साउथ पाद्रे बेटावरच्या कन्व्हेन्शन सेंटरवर नेली, ४,००० हून जास्त! तिथेही आधी वीज नव्हतीच. मीही उचलायला गेले होते. एकाचा डोळा उघडा, पण हालचाल शून्य. मी म्हटलं, गेलं हे. तिथल्या बाईंनी डोळ्याच्या कडेला हलकेच बोट लावलं, तर पापणी जराशी मिटली. पाणी तापल्यावर बोटींवरून घसरगुंडी लावून त्यांना परत समुद्रात सोडलं.

निसर्ग वादळानंतर आंजर्ल्यात बाबा स्वतःची मोडलेली बाग टाकून आधी रस्त्यावरची झाडं तोडायला गेले, तेव्हा आई केवढी बोलली होती! आई, घरात नळाला पाणी नसताना मी कासवं उचलत होते, तर आता मलाही बोल.

प्लंबर अजून मिळालेला नाही. बाकी आम्ही ठणठणीत. यंदा आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची घरटी किती सापडली ते कळवा. आणि उद्यापासून साठीपुढच्यांना लस सुरू होतेय, दादाला सांगून दोघांची नावं लगेच नोंदवा. बाबा, ‘बघू’ म्हणू नका.

तुमची,
अनू