नाव चढलं का?

नाशिकरोड,
रविवार

प्रिय दिन्या,

चार महिन्यांत ओळ नाही, तुझे फोनही घेतले नाहीत. रागावला असशील, रागाव. तब्येती ठीक, माईचे गुडघे आहेत तसेच.

लिहितोय ते अण्णांसाठी. काल सकाळी देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं. तुमच्या फडताळातल्या बशा थरथरायच्या, तसाच आवाज. अण्णा उठून बसले, कान देऊन म्हणाले, "ही आपली नाही. आपली लहान, सुटी करून खेचरावर चढायची." मग माझं मनगट घट्ट धरलं. "त्या पोराचं नाव चढलं का रे रजिस्टरला?"

तोच, लुंगीवाला. त्याच्यावरूनच आपण भगूरच्या बसमध्ये भांडलो होतो. लुंगी नेसून तोफेवर कोण असतं, तुझे अण्णा थापा मारतात, असं तू म्हणालास आणि मी तुझा डबा खिडकीतून भिरकावला. त्यांच्या 'कोनाबन'ला आपण 'कोणाचं बन?' म्हणून हसायचो. दिन्या, कोनाबन आहे, त्रिपुरात. २२ जुलै १९७१ला तिथेच मुक्तिबाहिनीची, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेची, पहिली तोफखाना तुकडी उभी राहिली, मुजिब बॅटरी. तोफा आपण दिलेल्या, ३.७ इंची हॉवित्झर. परवा वाचलं आणि तुझीच आठवण आली.

मार्चमध्ये पाकिस्तानी फौजेने ढाक्यात कत्तल केली तेव्हा बंड केलेले बंगाली जवान, पोलीस, कॉलेजातली पोरं, शेतकरी, जो तो मिळेल ते घेऊन उभा राहिला. एप्रिलमध्ये त्यांचं सरकार झालं, ओस्मानी सेनापती झाले, पुढे लढाईचे अकरा सेक्टर, म्हणजे विभाग, पडले. सैनिकांची नियमित बाहिनी, बाकी स्वयंसेवकांची गणबाहिनी. तो पोरगा कशात मोडला, तेच अण्णांना कधी कळलं नाही. प्रत्येक गोळा गमछाने पुसून द्यायचा म्हणे, पोर पुसावं तसा. एका रात्री म्हणाला, "दादा, माझं नाव लिहायला सांगा." अण्णा म्हणाले, सकाळी साहेबांना सांगतो. पहाटेच त्यांना दुसरीकडे हलवलं.

पन्नासहून जास्त वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं. आपल्याला फक्त लुंगी सांगितली.

मला बघवेना. मी म्हटलं, "चढलं, अण्णा." त्यांनी लगेच विचारलं, "नंबर काय मिळाला?"

मी गप्प. फौजीला नंबर लागतोच, हे मला, फौजीच्या पोराला, सुचलं नाही. ते भिंतीकडे वळले, दुपारी जेवलेही नाहीत. आता काय करू? एखादा नंबर रचून सांगू? ज्यांना आपण खोटं ठरवलं, त्यांनाच शेवटी खोटं सांगायचं? रात्रभर हेच डोक्यात.

तुझी बदली झाल्याचं कळलं, घर मिळालं का? मीनूचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

आज पुन्हा विचारलं त्यांनी. मी म्हटलं, दिन्याला विचारतो. "तो हसेल," म्हणाले. नाही हसणार, असं मी सांगितलंय. तू ये.

तुझा,
बाळ्या