दीड सुताचे रिबिट

सेंट क्लाउड, मिनेसोटा
मार्चचा शेवटचा आठवडा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बरी नोकरी असताना भंगारातली होडी कशाला?" मी तोंड उघडेपर्यंत आईने फोन ओढून घेतला, "पाण्यात शिरायचं नाही, सांगून ठेवते" म्हणाली आणि बंद केला. दोघांनाही धड उत्तर मिळालं नाही, म्हणून हे पत्र. मोठ्या अक्षरात छापून आणून दे, असं दादाला सांगितलंय.

आधी आईचं. पोहता येतं मला, तूच तर क्लासला घातलंस. पण इथे पोहण्याचा तसा उपयोग नाही. मे महिन्यातसुद्धा तळ्याचं पाणी इतकं गार असतं की पडलेल्या माणसाचा श्वास आधी अडकतो आणि हातपाय नंतर. म्हणून लाइफ जॅकेट, तेही बाकाखाली ठेवलेलं नाही, अंगात घातलेलं. दहा वर्षांखालच्या पोरांना तर चालत्या होडीत ते घालणं इथे कायद्यानेच सक्तीचं आहे. तुझ्या नातीचं जॅकेट होडी दारात येण्याआधी घरात आलं होतं आणि ती ते घालून सोफ्यावर बसायची. होडीत किती माणसं आणि किती वजन चालेल याची पत्र्याची पट्टी मागच्या बाजूला ठोकलेली असते. १९७२च्या नोव्हेंबरनंतर बनलेल्या अशा लहान होड्यांना ती लावावीच लागते. आमच्या होडीवर आहे, वाचता येते, आणि रंग देताना तिच्यावर टेप लावणार आहे.

आता बाबांचं.

होडी शेजारच्या आजोबांची. त्यांच्या शेडमागे कित्येक हिवाळे उपडी पडून होती. चौदा फुटी, पुढे निमुळती नाळ, मागे इंजिन लावायची सपाट फळी, मध्ये तीन आडवी बाकं. रिकामी असताना शंभर-सव्वाशे किलो असेल, चौघांनी सहज उचलली. पैसे घेतले नाहीत त्यांनी. अट एकच, सप्टेंबरअखेरीस बदकांचा हंगाम उघडला की त्यांना तिच्यातून न्यायचं. आता त्यांना एकट्याने ट्रेलर ओढवत नाही आणि संधिवाताने बोटं वाकडी झालीत.

बाबा, ती होडी उलटी करून आत पाहिलं आणि मला थेट दापोडी आठवली. आतून फासळ्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि ओळीने रिबिट. एकही वेल्डिंग नाही. कौटुंबिक सहलीला तुम्ही आम्हाला तुमच्या एस.टी.च्या वर्कशॉपात नेलं होतंत, तेव्हा पाहिलेल्या बसच्या उघड्या बॉडीचीच ही बांधणी. यात नवल नाही म्हणा. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी इथे ॲल्युमिनियमचं उत्पादन वाढलं, रिबिट मारणारे हात तयार झाले आणि युद्ध संपल्यावर दोन्ही मोकळे झाले. विमानं बनवणारी ग्रुमन कंपनी त्याच सुमारास ॲल्युमिनियमच्या कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, करायला लागली. आमच्याकडून दोनेक तासांवर न्यूयॉर्क मिल्स नावाचं छोटंसं गाव आहे (न्यूयॉर्क शहर नव्हे), तिथे १९४८ साली हॉवर्ड लुंड यांनी ॲल्युमिनियमच्या होड्यांचा धंदा सुरू केला. त्याच वर्षी १ जूनला आपली पहिली एस.टी. पुण्याहून नगरला धावली. पण तिची बॉडी लाकडी होती हे तुम्हीच सांगितलेलं, त्यामुळे योगायोग उगाच ताणत नाही.

गळती कुठे आहे ते शोधायची इथली रीत साधी आहे. होडी ट्रेलरवर ठेवायची आणि आत पाणी भरायचं, चार बोटं, जास्त नाही. तिची बांधणी बाहेरून येणाऱ्या दाबासाठी असते, आत टाकी भरल्यासारखं पाणी भरलं तर तळ खाली ताणला जातो. मग खाली चटई टाकून उताणं झोपायचं आणि थेंब दिसेल तिथे मेणखडूची खूण करायची. ऑक्टोबरात, बर्फ पडण्याआधी, हे उरकलं. बहुतेक खुणा तळाच्या मधल्या कण्यालगत आणि पुढच्या बाकाखाली, म्हणजे होडी लाटेवर आपटते तिथेच. काही रिबिट पाणी भरायच्या आधीच कळले. रिबिटभोवती काळपट ओघळ दिसला की तो आत हलतोय, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. स्टँडवर गाडीची वाट बघताना तुम्ही बोट ठेवून दाखवायचात आणि आई म्हणायची, "घरी आल्यावर तरी वर्कशॉप सोडा."

हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा म्हणाला, पॉप रिबिट घाला, एकट्याने होतं. होतं खरं, पण साध्या पॉप रिबिटच्या पोटात भोक राहतं आणि पाणी तिथूनच वर येतं. बंद टोकाचे मिळतात, ते फक्त बाकाखाली हात पोचत नाही तिथे वापरले. बाकी सगळीकडे भरीव. नुसते ढिले झालेले पुन्हा ठोकून बसले, बाहेरून डोक्यावर रिबिट मारायची गन आणि आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा. ज्यांचं भोकच वाढलं होतं ते ड्रिलने काढून एक नंबर मोठे घातले, भोकात आधी सीलंट. दांडी पत्र्याबाहेर रिबिटच्या जाडीच्या दीडपट उरली पाहिजे हा तुमचा हिशेब मी त्या पोराला सांगितला. तो इंचाचे बत्तीस भाग करून मोजत बसला. मी म्हटलं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दीड सुताच्या रिबिटला सव्वादोन सूत, झालं. दोघांचं उत्तर एकच आलं.

डॉली तुमचे जावई धरतात. माणूस सज्जन आहे, पण गन सुरू झाली की डोळे मिटतो आणि डॉली तिरकी करतो. मग आतलं डोकं एका बाजूला झोपतं, ते काढून पुन्हा मारावं लागतं. काटकोनात टेकव, घट्ट दाबू नकोस, जरा उसळू दे, असं सांगितलं की विचारतात, "हे कुठे लिहिलेलं आहे का?" आता बरं जमतं.

मागची फळी मात्र भलतीच निघाली. आधीच्या कुणा मालकाने कुजलेलं लाकूड काढून तिथे औषध मारलेला प्लायवूड घातला होता, अंगणातल्या कुंपणाला वापरतात तो हिरवट. टिकाऊ म्हणूनच घातला असणार बिचाऱ्याने. पण त्या औषधात तांबं असतं आणि ओल आली की तांबं ॲल्युमिनियमला खातं. प्लायवूड काढल्यावर मागच्या पत्र्यावर पांढरी भुकटी आणि तिच्याखाली खड्डेच खड्डे. आई, रात्रभर चिंचेची आमटी राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आतून जसे टोचे पडायचे, तसे. आजोबा सांगतात, होडीच्या तळाशी तांब्याचं नाणं पडून राहिलं तरी पुढेमागे तिथे भोक पडतं. खड्डे खरवडून इपॉक्सीने भरले, एका ठिकाणी आतून पत्र्याचा तुकडा जोडला. नवी फळी सहा सुताचे दोन प्लायवूड एकमेकांना चिकटवून दीड इंचाची केली. औषध न मारलेला प्लायवूड, आणि त्यालाच कडेकडेने इपॉक्सी पाजलं. बोल्ट स्टेनलेसचे आहेत, तेही पत्र्याला थेट टेकू दिले नाहीत, खाली नायलॉनचे वॉशर आणि सीलंट.

बाकांखालचा फोम उंदरांनी पोखरला होता, उरलेला पाण्याने इतका जड की दोन्ही हातांनी उचलावा लागला. तो फोम शोभेचा नसतो. होडीत पाणी भरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून असतो. तेव्हा नवा भरलाच, आणि पेट्रोलने विरघळणार नाही असा बघून घेतला. आपल्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल पेट्रोल लागलं की कसा वितळायचा, तसलं काही इंजिनाच्या टाकीशेजारी नको. इंजिन दहा हॉर्सपॉवरच्या आतलं, जुनं टू-स्ट्रोक. पन्नासाला एक ऑइल घालायचं, तुमच्या स्कूटरसारखंच. पाणी ओढणारा रबरी पंखा बदलला, सुरू झालं. इंजिनाबद्दल एवढंच, ते फार गुणी आहे.

आता आई विचारणार, बदकांचं काय?

बंदूक मी धरत नाही, धरणारही नाही. मी होडी चालवणार आणि गळ टाकणार. पण आजोबांबद्दल तुझ्या मनात खलनायक नको. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली ती योग्यच झाली, इतकी माणसं आणि इतकी कमी उरलेली जनावरं. इथे शिकार मोजून होते. परवाना लागतो, दिवसाला सहा बदकांच्या वर नाही, त्यातही कोणत्या जातीची किती ते ठरलेलं. १९३४ पासून बदकांच्या शिकारीसाठी सरकारी तिकीट आहे, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला ते विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळायची आणि विषबाधेने मरायची. हे सगळं मला आजोबांनीच सांगितलं. कुठल्या तळ्याची लव्हाळी यंदा खुरटली, कुठे पाणी वाढलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. मला हे पटतं का? अर्धं पटतं. मेलेलं बदक हातात घ्यायला अजून मला जमत नाही. पण पाणथळ राखायला खिशातून पैसे देणारा माणूस आणि आपल्या नदीकाठी रात्री राडारोडा ओतून जाणारा माणूस यांत मला कोण जवळचा वाटतो, ते सांगायला नको.

बाबा, भिगवणला दाखवलेला थापट्या आठवतो? चोच पळीसारखी पसरट. तो इथेही आहे, आणि तलवार बदकही. जात तीच, थवे वेगळे. इथले थवे थंडी पडली की दक्षिणेला मेक्सिकोकडे जातात, आपल्याकडचे सायबेरिया-मध्य आशियातून येतात. या बदकांना आवडणारा रानतांदूळ इथल्या उथळ तळ्यांत आपोआप उगवतो. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक तो कनूतून काढतात, एक जण बांबूसारख्या लांब काठीने कनू पुढे रेटतो, दुसरा दोन छोट्या काठ्यांनी लोंब्या आत वाकवून झोडतो. दाणा काळा, लांब, शिजायला वेळखाऊ. आई, भाताची अपेक्षा ठेवून खाऊ नकोस, उसळ समजून खा, आवडेल.

माशांचा हंगाम मेच्या मध्याला उघडतो. वॉलआय नावाचा मासा इथला राज्यमासा आहे. पांढरा, कमी काट्यांचा, आणि तुला वाटतो तसा चिखलाचा वास अजिबात नाही. इथली माणसं त्याला पिठात बुडवून तळतात आणि वर लिंबू पिळलं की काहीतरी मोठं केलं असं समजतात. मी आमसुलं घालून रस्सा केला तेव्हा आजोबांनी दोनदा वाढून घेतला आणि रात्रभर पाणी प्यायले.

रंग अजून व्हायचाय. गॅरेजमध्ये सध्या प्रायमर नीट वाळणार नाही इतकी थंडी आहे. घासल्या घासल्या ॲल्युमिनियमवर पुन्हा थर धरतो, त्यामुळे घासणं आणि एचिंग प्रायमर एकाच दिवसात उरकावं लागेल. बाहेरून मातकट हिरवा, चमक नसलेला, बदकांना दिसू नये असा. नातीला गुलाबी हवा होता. तडजोड म्हणून मधल्या बाकाची खालची बाजू तिला दिलीय.

आणि कण्यालगतची रिबिटांची रांग राहिलीय. तिथे कणा, पत्रा आणि फासळी असे तीन थर एकत्र येतात, सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो. खोटं कशाला सांगू, मी आणि तुमचे जावई मिळून तीही मारू शकतो. तरी ठेवलीय. गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, एस.टी.ला आता पोलादी बॉडी आली, आमची विद्या संपली. तेव्हा मी काहीच बोलले नाही, बोलायला हवं होतं. बाबा, इथे त्या विद्येचे तासाला पैसे मोजून माणूस मिळत नाही. दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे म्हणाले, जुनी होडी फेकून नवी घ्या. हात थरथरतो म्हणालात, तर गन मी धरते. डॉलीला थरथर चालते.

व्हिसा दोघांचाही अजून चालू आहे, मी तारखा पाहिल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात इथे बर्फ नसतो आणि तिकडे उकाडा असतो, म्हणजे तक्रार दोन्हीकडून नको. आईच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांना विचारा, इतके तास बसणं चालेल का आणि मधे उठून किती फिरायचं. व्हीलचेअर मी तिकिटातच सांगते, आईने लाजू नये, रांग वाचते. तुमच्या पेटीतली ती कोनाची डॉली आणा, पण चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर विमानतळावरच्या पोराला बॉडी सेक्शन समजावत बसाल आणि विमान जाईल. आईने आमसुलं आणावीत, अर्धा किलो पुरे. दादाला म्हणावं, रविवारी फोन लावून दे, तिकिटं त्याच दिवशी काढू.

तुमची लेक