पालकमंत्री महोदय, आपला दौरा सुरळीत पार पडला, अभिनंदन!

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आपण जिल्ह्यात येऊन गेलात. दौरा शांततेत पार पडल्याची बातमी वाचली. पडणारच होता. ज्यांच्यामुळे शांतता भंगण्याची 'दाट शक्यता' होती, ते आम्ही काही जण सकाळपासून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होतो.

निवडणुकीआधीच्या सभेत आपण म्हणाला होतात, "माझ्याकडे यायला मध्यस्थ लागत नाही. रस्त्यात गाडी अडवा आणि सांगा." टाळ्या पडल्या होत्या, त्यात माझ्याही होत्या. गाडी अडवण्याचा माझा विचारही नव्हता. रुंदीकरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला अडकलाय, त्याचं दोन पानी निवेदन विश्रामगृहावर द्यायचं होतं. तेवढं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं आणि रात्री हवालदार दारात हजर.

नोटीस म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, नावापुरती जागा रिकामी. वर छापलंय 'फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम 149', त्यावर पेनानं काट मारून 'बीएनएसएस 168', म्हणजे तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम. 1 जुलै 2024 पासून गुलामीच्या खुणा पुसल्या, आता दंड नाही तर न्याय, असं आपण व्यासपीठांवरून सांगत होतात. आमच्यापर्यंत तो न्याय निळ्या शाईत पोचला. खाली लिहिलंय, काही अनुचित घडल्यास आपणास जबाबदार धरून सदर नोटीस पुरावा म्हणून वापरण्यात येईल. म्हणजे गुन्हा व्हायचाय, पुरावा तयार आहे.

सकाळी जीप आली. "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटं." मोबाइल टेबलावर ठेवायला लावले. अटक आहे का, विचारलं. "छे छे, अटक कसली? बसा नुसते." मेख इथेच आहे, साहेब. अटक दाखवली की कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. घटनेचं कलम 22 तसं बजावतं. नुसतं बसवलं की कागदावर काही घडलेलंच नसतं. नोटिशीतलं कलम 168 दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो, रोखण्यासाठी आहे. 170 खाली अटकही करता येते, पण गुन्ह्याचा बेत पोलिसांना ठाऊक असेल आणि अटकेवाचून तो टळणार नसेल तरच. निवेदन देणं हा दखलपात्र गुन्हा कधी झाला, हे ठाणे अंमलदारालाही सांगता येईना. चहा मात्र त्यांनी स्वतःच्या खिशातून पाजला. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, यादी वरून आली होती.

मला बीपी आहे. सकाळची गोळी घरी राहिली, दुपारी डोकं ठणकायला लागलं. बायको गोळी घेऊन फाटकाशी उभी, तिला आत सोडेनात. मुलगी बारावीला आहे. तिला वर्गात कुणीतरी विचारलं, "तुझ्या पप्पांना पोलिसांनी का नेलं?" ती त्या दिवशी जेवली नाही. शेजारी अजून नमस्कार करतात, फक्त आता थांबत नाहीत. मेव्हण्याचा फोन आला, "भावजी, कशाला नादी लागता?" उद्या पोरीच्या पासपोर्टची पडताळणी आली तर ही नोटीस कुठून बाहेर निघेल, या विचारानं रात्री झोप लागत नाही. आपल्या ताफ्याचा सायरन रस्त्यावरून गेला, थोड्या वेळानं मोबाइल परत मिळाले. "जा आता." कशावर सही नाही, कशाची नोंद नाही.

आपले लोक म्हणतील, सुरक्षेसाठी थोडी गैरसोय सोसावी. काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की, जुन्या 144 कलमाखालच्या जमावबंदीचा वापर रास्त मत किंवा गाऱ्हाणं दडपायला करता येणार नाही. आमच्यासाठी तर तसा आदेश काढण्याचीही तसदी कुणी घेतली नाही!

आणि हे एकट्या आपलं नाही. विरोधात होतात तेव्हा आपल्यालाही हीच नोटीस आली होती. आपण तिचा फोटो फेसबुकवर टाकलात, वर 'लोकशाहीची गळचेपी' वगैरे. लाइक करणाऱ्यांत मी होतो. खुर्ची बदलली, झेरॉक्स तीच राहिली.

दर 25 जूनला आणीबाणीवर भाषणं होतात. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं तेव्हा डांबलेल्यांचा आकडा लाखाच्या वर मोजला. म्हणून 1978 मध्ये 44वी घटनादुरुस्ती आली. अशी प्रकरणं तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कुणाला तीन महिने स्थानबद्ध, म्हणजे खटल्यावाचून डांबून, ठेवता येतं, ती मुदत तिनं दोन महिन्यांवर आणली. संसदेनं मंजूर केलं. लागू होण्याची तारीख तेवढी केंद्र सरकारनं जाहीर करायची होती. ती आजतागायत झालेली नाही. जनता पक्षानं केली नाही, काँग्रेसनं नाही, भाजपनं नाही. जे स्वतः तुरुंगात जाऊन आले, त्यांनीही नाही! डिसेंबर 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयही म्हणालं, आम्ही सरकारला भाग पाडू शकत नाही. त्याच दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तो भाग मात्र जून 1979 मध्येच लागू झाला. माझी जमीन घेणं सोपं करणारं कलम वेळेवर आलं, आणि माणसाला डांबण्याची मुदत कमी करणारं दिल्लीत तारखेची वाट बघत पडलंय. मग सांगा, आम्ही नेमकं कुणाला निवडून देतो आणि कशासाठी?

असो. माझं नाव यादीत कुणी घातलं, ते लेखी कळवा. त्या दिवशीच्या स्टेशन डायरीत आमच्याबद्दल काय नोंदवलंय, त्याची नक्कल द्या. काहीच नोंदवलं नसेल तर तसं लिहून द्या. यापुढे आपल्या प्रत्येक दौऱ्याआधी किती जणांना नोटिसा दिल्या आणि किती जणांना बसवून ठेवलं, हा आकडा दौऱ्याच्या खर्चासोबत जाहीर करा. दौऱ्याच्या यशात आमचाही वाटा आहेच.

ते दोन पानी निवेदन सोबत जोडलं आहे. सातबारा, संयुक्त मोजणीचा नकाशा, आधीच्या अर्जांच्या पोच, सगळं मागे लावलंय. आपल्या कार्यालयाची शिक्क्यानिशी पोच हवी.

आपला,
आपल्याच मतदारसंघातला एक 'दाट शक्यता'